केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात चित्त्याची शिकार जवळून पाहायला मिळावी म्हणून ड्रायव्हरला काय सांगावं?

तुम्ही जुलैअखेर तीन दिवस जाताय आणि शिकार ‘जवळून’ हवी म्हणताय. सगळा घोळ या ‘जवळून’मुळेच होतो.

चित्ता दिवसा शिकार करतो, तीही नजरेच्या भरवशावर. सकाळी वारुळावर बसून थॉमसन गझेल या छोट्या हरणासारख्या प्राण्याचा कळप हेरतो. मग उतरतो, मान खांद्यांच्या रेषेत आणतो आणि गवताआडून एकेक पाऊल सरकतो. गझेलने डोकं वर केलं की पाय उचललेला असला तरी जागीच थिजतो. अंतर पन्नासेक मीटरवर आलं तरच धावण्यात अर्थ असतो, कारण तो वेग त्याला दोन-तीनशे मीटरच झेपतो. नेमक्या याच वेळी ‘समोरून फोटो’ हवा म्हणून गाड्या त्याच्या वाटेत घुसतात. कळप बिथरतो आणि अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात जाते. शिकार साधली तरी तो आधी धापा टाकत बसतो. तेवढ्यात तरस आलं तर तोंडचा घास जातो.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या मारातल्या अभ्यासात, पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात माद्यांनी एका वेतात सरासरी 0.2 पिल्लं जगवली, कमी गर्दीच्या भागात 2.3. त्यामुळे ‘एवढे पैसे मोजलेत, मग गाडी पुढे का नको?’ हे मला अजिबात मान्य नाही. प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या आणि किमान 25 मीटर अंतर, हा तिथला नियम आहे. ड्रायव्हर तो मोडतो ते बहुतेकदा टिपेसाठी, आपल्याच आग्रहाने. पहिल्याच सकाळी सांगा: अंतर राखलंत तर टिप जास्त.

सहाला गेट उघडताच आत शिरा, नाश्ता डब्यात घ्या. चित्ता वारुळावर दिसला की शंभरेक मीटरवर, ऊन पाठीशी घेऊन, इंजिन बंद करून थांबा. इंजिन चालू असलं की थरथर थेट लेन्सपर्यंत पोचते. 100-400 मिमीची झूम लेन्स पुरते, शटरचा वेग 1/2000 सेकंद ठेवा. कॅमेरा टेकवायची बीन बॅग रिकामी न्या, तिथे तांदूळ भरा. दहानंतर जमीन तापून हवा लहरते, मग लांबचे फोटो कितीही महागड्या लेन्सने धूसरच येतात.

आणि हो, गवत चरून खाली आणणारे नू (वाइल्डबीस्ट) उशिरा आले तर जुलैत गवत उंच असतं, चित्ता दिसणंच कठीण. खर्च झेपत असेल तर एक रात्र मारालगतच्या नाबोइशोसारख्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे वेगळ्या राखीव क्षेत्रात काढा, तिथे गाड्या मोजक्याच असतात. पिवळ्या तापाची लस मात्र निघण्याआधी किमान 10 दिवस घ्या.