वाचकांचे प्रश्न : बुरुजाला पडलेली भगदाडे

प्रश्न : मी दर रविवारी बेळगावहून सायकलने राजहंसगडावर जातो. तेथील बुरुजाची संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करण्यासाठी एका जागी उभे राहून मोबाईलने ४० छायाचित्रे काढली. पण प्रतिकृतीत भगदाडे पडली. काय चुकले?
– एक वाचक, वडगाव

उत्तर : चूक ‘एका जागी उभे राहून’ या शब्दांतच आहे. जागा न बदलता कॅमेरा नुसता फिरवला, तर कोणता दगड किती दूर आहे हे संगणकाला कळण्याचा मार्गच उरत नाही. आपल्या दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात म्हणून खोली जाणवते, त्याचप्रमाणे येथेही प्रत्येक छायाचित्र दोन पावले सरकून घ्यावे आणि लगतच्या चित्रांत ६० ते ८० टक्के भाग सामाईक ठेवावा. झूम टाळावा. कडक उन्हातील सावली प्रतिकृतीच्या रंगातच मुरून बसते, म्हणून ढगाळ सकाळ उत्तम; पावसाळ्यात बेळगावकरांना तिची वाण नाही. मात्र चढावरची धाप ओसरल्याशिवाय कॅमेरा हाती घेऊ नये, कारण हललेले छायाचित्र जोडणीत निरुपयोगी ठरते. जोडणीसाठी मेशरूम आणि नंतरच्या डागडुजीसाठी ब्लेंडर, ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. परंतु मेशरूमच्या संपूर्ण जोडणीसाठी एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड लागते, ते आपल्या संगणकात आहे का, हे आधी पाहावे.