ताबा देण्यापूर्वीच घरफोडी झाली, भाडेकरूंना सांगावे का?

प्रश्न : भाड्याने देण्यासाठी घराची डागडुजी नुकतीच पूर्ण केली. करारावर सह्या झाल्या आहेत, अनामत रक्कम मिळाली आहे आणि पुढच्या आठवड्यात भाडेकरू कुटुंब राहायला येणार आहे. काल घर उघडले, तर मागच्या दाराचे कुलूप तोडलेले होते आणि गीझर, नळ व तांब्याचे पाइप चोरांनी नेलेले होते. सगळे गुपचूप दुरुस्त करून घ्यावे, भाडेकरूंना सांगून घाबरवू नये, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मी काय करावे?

उत्तर : आपण भाडेकरूंना सांगितलेच पाहिजे, आणि तेही ताबा देण्यापूर्वी. एकदा फोडलेले घर थोड्याच आठवड्यांत पुन्हा फोडले जाण्याचा धोका वाढलेला असतो, हे गुन्ह्यांच्या अभ्यासातून वारंवार दिसून आले आहे. चोरांना वाट ठाऊक झालेली असते आणि नव्या वस्तू बसवल्या जाणार याचा अंदाजही असतो. ज्या कुटुंबाला त्या घरात रात्री झोपायचे आहे, त्याच्यापासून ही गोष्ट लपवणे मला कोणत्याही कारणाने समर्थनीय वाटत नाही. शिवाय शेजाऱ्यांकडून ती त्यांना कळणारच, आणि मग आपल्या कोणत्याच शब्दावर त्यांचा विश्वास राहणार नाही.

त्याआधीची कामे मात्र आजच करावी लागतील. पाइप ओरबाडून काढले असतील, तर पाणी भिंतीत मुरत असू शकते, म्हणून पाण्याची मुख्य झडप बंद करावी. गॅसची नळी कापली गेल्याची शंका असेल किंवा वास येत असेल, तर विजेच्या एकाही बटणाला हात न लावता बाहेर पडून गॅस पुरवठादाराला कळवावे. पोलिसांची पाहणी होईपर्यंत झाडलोट करू नये, तुटलेले कुलूपही हलवू नये. प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत आणि चोरीस गेलेल्या उपकरणांचे अनुक्रमांक बिलांवरून शोधून तक्रारीत नोंदवावेत. तक्रारीची प्रत किंवा नोंद क्रमांक घ्यायला विसरू नये, कारण विमा कंपनी तो प्रथम मागते.

विम्याच्या बाबतीत रिकाम्या घराची अट नीट वाचावी. घर सलग ठरावीक काळ, बहुधा 30 किंवा 60 दिवस, रिकामे राहिले तर चोरीचे संरक्षण थांबते किंवा कमी होते, असे कलम अनेक पॉलिसींत असते. घर किती दिवस रिकामे होते, हे दाव्यात खरे तेच लिहावे. बळाने आत शिरल्याच्या खुणा असल्याशिवाय काही कंपन्या चोरीचा दावा मान्य करत नाहीत, म्हणून तुटलेले कुलूप आणि उचकटलेल्या चौकटीची छायाचित्रे जपून ठेवावीत. पोलिसांची पाहणी झाल्यावर दार बंद करण्याची आणि गळती थांबवण्याची तातडीची दुरुस्ती लगेच करता येते, मात्र तिची बिले आणि काढलेले तुटके भाग कंपनीची पाहणी होईपर्यंत टाकून देऊ नयेत. उरलेली दुरुस्ती कंपनीला विचारूनच सुरू करावी.

दार तुटलेले असले, तरी डागडुजीच्या काळात रंगारी, प्लंबर आणि दलाल यांच्यापैकी कोणाकडे किल्ल्या होत्या, याची यादी पोलिसांना द्यावी; त्यात कोणावर आरोप करण्याचा हेतू नसतो. कुलपे सगळ्याच दारांची बदलावीत. नुसते नवे कुलूप पुरेसे नाही, कारण पुष्कळदा कुलूप शाबूत राहते आणि चौकटीतला कोयंडा उखडतो; तो लांब स्क्रूंनी चौकटीच्या आतपर्यंत पक्का बसवून घ्यावा.

भाडेकरूंना प्रथम फोनवर सांगावे आणि मग तेच लेखी कळवावे : काय घडले, काय दुरुस्त झाले, काय बाकी आहे. पाणी सुरू नसेल किंवा दार नीट बंद होत नसेल, तर ताब्याची तारीख पुढे ढकलावी आणि भाडे प्रत्यक्ष ताब्याच्या दिवसापासूनच धरावे. त्यांना करारातून बाहेर पडायचे असेल, तर अनामत अडवून ठेवू नये. ते येणारच असतील, तर त्यांच्या सामानाला आपल्या विम्याचे संरक्षण सहसा मिळत नाही हे त्यांना सांगावे, आणि घरातील वस्तूंची जुनी यादी रद्द करून नवी यादी दोघांच्या सह्यांनिशी कराराला जोडावी.