भिडेंच्या बातम्यांची कॅसेट

प्रश्न : वडिलांनी वृत्तनिवेदक प्रदीप भिडे यांच्या दूरदर्शनवरच्या बातम्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवर रेकॉर्ड केल्या होत्या. आता फितीवर पांढरी बुरशी दिसते. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ती कॅसेट व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवायच्या यंत्रात, मुळीच घालू नका! फीत तुटेल, यंत्रातलं फीत वाचणारं हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. कोरड्या जागी, इतर कॅसेटपासून वेगळी, उभी ठेवा. कडेची प्लॅस्टिकची टिकली मोडलेली नसेल तर मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. फीत साफ करणाऱ्याकडूनच डिजिटल प्रत करून घ्या. मधल्या जाहिराती कापू नका, त्याही तेव्हाच्याच. दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२चं. भिडे २०२२मध्ये गेले. त्यांचे ते स्वच्छ उच्चार ऐकतच आम्ही भावंडं जेवायला बसायचो. वडिलांना तारीख आठवते का, आजच विचारा आणि खोक्यावर लिहा.