कुत्रीला जर्मनीत नेताय, तर आधी लीशचं बोलू

तुम्ही कोथरूडच्या. चार वर्षांची देशी कुत्री, रोज पहाटे वेताळ टेकडीवर मोकळी. नवऱ्याला हानोव्हरला नोकरी लागलीय आणि कुणीतरी सांगितलंय की जर्मनीत कुत्र्यांना जन्मभर लीशवर ठेवतात. म्हणून विचारताय, तिकडे नेऊन तिचे हाल करण्यापेक्षा सासू-सासऱ्यांकडे ठेवलेली बरी का. जाता जाता तिकडे एकटेपणा येतो का, हेही विचारलंत. प्रश्न कुत्रीचा आहे, पण वाचून माझ्याच पोटात ढवळलं, तेव्हा उत्तर लांबणार. आधीच सांगून ठेवते.

आम्ही मूळचे सहकारनगरचे. आमचा बंड्या तळजाईच्या रस्त्यावर सापडलेला, अस्सल गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. आता हानोव्हरच्या बाहेर एका लहानशा गावात आमच्याबरोबर म्हातारा होतोय.

मायक्रोचिप, रेबीजची लस, टायटर तपासणी (लस पुरेशी लागू पडली का ते बघणारी रक्ततपासणी) हे सरकारी पानांवर नीट दिलेलं आहे, ते उगाळत नाही. फक्त एवढं की लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढायचं आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं, हे गणित व्हिसाच्या तारखांशी जुळत नाही. नवरा पुढे आला, मी आणि लेक मागे. सामान गेलेल्या घरात आम्ही तिघं सतरंजीवर झोपायचो. बंड्या मजेत होता, त्याला वाटलं हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय.

माझं डोकं फिरलं ते इथे आल्यावर. नीडरझाक्सन राज्यात, म्हणजे तुम्ही येताय तिथे, 2013 पासून कुत्रा पाळणाऱ्याला लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. माणसाने द्यायची, कुत्र्याने नाही. मागच्या दहा वर्षांत सलग दोन वर्षं कुत्रा पाळल्याचं दाखवता आलं तर माफी मिळते. मी बंड्याचं लसीकरणाचं पुस्तक घेऊन गेले, डॉक्टरांचे शिक्के, तारखा, सगळं. खिडकीपलीकडच्या बाईंनी पानं उलटली आणि विचारलं, कुत्र्याचा कर भरल्याच्या पावत्या? आता पुण्यात कुत्र्याचा महापालिकेचा परवाना काढलेला माणूस मला कुणी दाखवावा! मी म्हटलं, आमच्याकडे असा कर नसतो. त्या म्हणाल्या, मग कुत्रा होता हे सिद्ध कसं होणार? कुत्रा माझ्या पायाशी बसला होता. तुम्ही निघण्यापूर्वी परवाना काढा, आणि जुन्या तारखांसकट डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत घ्या. त्याने काम होईलच असं नाही, पण निदान बोलायला तोंड राहील.

परीक्षा दिली, पास झाले. विम्याचंही तसंच, तो सक्तीचा आहे. कर दरवर्षी गावाला भरायचा. हे एकदा लावून दिलं की विसरता येतं.

आता लीश. तुम्हाला सांगितलेलं अर्धं खरं आहे. 1 एप्रिल ते 15 जुलै या काळात इथे रानात आणि शेतशिवारात कुत्रं लीशवरच हवं. सशांची पिल्लं, हरणांची पाडसं, जमिनीवर घरटी करणारे चंडोल, टिटव्या यांचे ते दिवस. इतर वेळी गावागणिक नियम वेगळे. हानोव्हरच्या मधोमध आयलेनरीडं नावाचं सुमारे 640 हेक्टरचं जंगल आहे आणि त्यात कुत्र्यांना मोकळं सोडायच्या जागा आखून दिल्यात. शिवाय कुंपण घातलेली शेतं अर्ध्या तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. म्हणजे मोकळं सोडता येतं. तुमच्या कुत्रीला सोडता येईल का, हा वेगळा प्रश्न.

बंड्याला नाही येत. तळजाईवर तो हाकेला यायचा, कारण तिथे माझ्यापेक्षा रंजक असं फार काही नव्हतं, मोर सोडले तर. इथे घरामागच्या शेतात हरणं चरतात. पहिल्याच हिवाळ्यात एक हरीण बांधावरून उडालं आणि बंड्याच्या मागे दहा मीटरची दोरी माझ्या तळव्यातून सळसळत गेली. हातमोजे नव्हते. कातडी सोलवटली, पण दोरीच्या टोकाची गाठ मुठीत अडकली म्हणून तो थांबला. शेजारच्या आजोबांनी मलम दिलं आणि शांतपणे सांगितलं की शिकारीमागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घालायची मुभा काही परिस्थितीत इथल्या शिकाऱ्याला असते. त्या दिवसापासून उघड्यावर बंड्याची दोरी सुटली नाही.

तर मग त्याचं आयुष्य सुखाचं गेलं का? हाच तुमचा खरा प्रश्न.

माझं मत सांगते. कुत्र्याला पळायला आवडतं, तरुण कुत्र्याला जरा जास्तच, आणि शिकारी किंवा मेंढपाळ जातीच्या कुत्र्याला त्यावाचून चैन पडत नाही. लीशवर कुत्रं आपल्या चालीने चालतं आणि आपली चाल त्याला रटाळ वाटते, हेही खरं. पण रोज उधळायला मिळालं नाही की कुत्रं दुःखी होतं, हे मला पटत नाही. आपल्या रस्त्यावरची कुत्री बघा. त्यांच्याएवढं मोकळं कुणी नाही, आणि ती करतात काय? कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अशा कुत्र्यांचा अभ्यास करतात, त्यांच्याही नोंदींत ही मंडळी दिवसाचा मोठा भाग नुसती पडून असतात. पळतात ती कामापुरती. उरलेल्या वेळात त्यांच्याकडे जे असतं ते लीशवरच्या कुत्र्याकडे नसतं: कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कुणाच्या वाटेला जायचं नाही, हे त्यांचं ती ठरवतात.

ते ठरवणं लांब दोरीवर बरंचसं देता येतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ आणि शार्लोट ड्युरांटन या दोन संशोधक बायकांनी 2019 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना दोन आठवडे वास हुंगून खाऊ शोधायला लावलं, काहींना मालकाच्या पायाला पाय लावून चालायला. नंतर एक वाटी अशा जागी ठेवली की तिच्यात खाऊ असेल-नसेल याचा अंदाज लागू नये. हुंगणारी कुत्री आता वाटीकडे आधीपेक्षा लवकर जाऊ लागली, म्हणजे त्यांना बरं काहीतरी असेल असं वाटत होतं. पाय लावून चालणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. एवढ्याशा प्रयोगावर कुणी इमले बांधू नयेत. पण बंड्या आमच्या बसस्टॉपच्या खांबापाशी काय करतो ते बघितलं की मला पटतं. आधी वर हुंगतो, मग खाली, मग नाक खांबापासून बोटभर लांब धरून भराभर फुंकतो, मग मागे येऊन पुन्हा पहिल्या जागी. सकाळची बस निघून जाते. मी थांबते. टेकडीवर त्याने इतका वेळ एका जागी कधी घालवला नव्हता, तिथे आम्ही सगळे भोज्जा शिवून परत फिरणारे.

दोरी मात्र छातीच्या हार्नेसला लावा, गळ्याच्या पट्ट्याला नाही. दहा मीटर धावून एकदम हिसका बसला तर मान गेली. दुसरं कुत्रं समोरून येत असेल तर दोरी ताणू नका. कुत्री एकमेकांकडे सरळ रेषेत जात नाहीत, वळसा घेतात. ताणलेल्या दोरीने त्यांचा पुढचा भाग उचलला जातो, वळसा घेता येत नाही, आणि समोरच्याला वाटतं हा अंगावर येतोय. इथली निम्मी भांडणं त्यातून होतात. उरलेली निम्मी 'डेअर टूट निक्स' म्हणणाऱ्यांमुळे. 'काही करत नाही हो तो' असं लांबूनच ओरडतात, तोवर त्यांचं सुटं कुत्रं तुमच्या बांधलेल्या कुत्र्यावर येऊन आदळलेलं असतं. तुमच्याकडचे टेकडीवरचे काका आठवतील.

सरकारचंही ऐका. इथल्या नियमांत कुत्र्याला पुरेसं बाहेर हिंडायला मिळालंच पाहिजे असं आहे. 2020 मध्ये कृषिमंत्री युलिया क्लोकनर यांनी दिवसातून दोनदा, मिळून किमान तासभर असा आकडा घालायचं काढलं तर देशभर चेष्टा झाली, आणि शेवटी तो आकडा गळाला. पुरेसं म्हणजे किती ते तुमच्यावर. हे मला आवडलं. माणसांच्या बाबतीत हे लोक इतके सैल नसतात.

श्वानशाळेत आम्ही जायचो तेव्हा माझं जर्मन यथातथाच. शिकवणाऱ्या बाई भराभर बोलायच्या आणि माझी लेक, तेव्हा चौथीत, मला मराठीत सांगायची: 'आई, दोरी सैल सोड म्हणतायत. आई, तू आधी श्वास घे म्हणतायत.' मोठ्या माणसांच्या घोळक्यात उभं राहून ती प्रश्नही विचारायची. त्याच महिन्यात तिच्या शाळेत पालकांशी बोलणं झालं. चौथीनंतर इथे मुलांच्या वाटा फुटतात. निर्णय कायद्याने पालकांचा असतो, शिक्षक सल्ला देतात. सल्ला असा की मुलगी गोड आहे पण भाषा कमी पडते, गिम्नाझियमचा, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेचा, ताण कशाला घालता तिच्यावर. मी काय बोलणार? मला तर त्यांची अर्धी वाक्यं लेकीनेच समजावली असती. आम्ही गिम्नाझियमलाच घातलं, ती छान शिकतेय, विषय संपला म्हणायला हवा. नाही संपत. सल्ला देणाऱ्या त्या शिक्षिका बाजारात भेटतात, बंड्याला कुरवाळतात, आणि माझ्या हातातली दोरी आपोआप आखूड होते.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. कुत्र्याला तीन वेळा बाहेर काढावंच लागतं, डिसेंबरात चार वाजता अंधार पडला तरी. गळ्यात दिवा लावलेली कुत्री आणि त्यांच्यामागून माणसं दिसतात, नमस्कार-चमत्कार होतात. कुत्र्यांची नावं कळतात, माणसांची कळायला वर्षं लागतात. चालतं.

कुणाला सांगत नाही ते सांगते. नवरा अधूनमधून परत जायचं काढतो. आई-बाबा थकलेत, त्याची पुण्यात सोय होऊ शकते. दर वेळी मी म्हणते, बंड्याला आता विमान झेपायचं नाही. डॉक्टरही तेच म्हणतात, त्यामुळे यात खोटं काही नाही. विषय मिटतो. बंड्या बिचारा कोपऱ्यात घोरत असतो, त्याला पत्ता नाही की आख्खं घर त्याच्या दोरीला बांधलंय. मला परत जायचं नाही की जायची भीती वाटते, हे मी शोधायला गेलेले नाही. तो आहे तोवर शोधावं लागत नाही.

म्हणून माझ्या सल्ल्यात माझा स्वार्थ मिसळलेला असणार, तेवढा वजा करून घ्या. पण एक गोष्ट हिशेबाने बघा. ती सासू-सासऱ्यांकडे राहिली तर पहाटे पाचला वेताळ टेकडी कोण चढणार? तुम्हीच लिहिलंय की सासऱ्यांचे गुडघे गेलेत. म्हणजे तिचं मोकळं हुंदडणं तसंही तुमच्या विमानाबरोबर बंद होणार, आणि मागे उरेल सोसायटीच्या गेटपर्यंतची फेरी आणि गॅलरी. इथे निदान दहा मीटर दोरी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही असाल. हाकेला येणारी असेल तर हिवाळ्यात आयलेनरीडंही मिळेल.

टायटरचं रक्त शक्यतो याच महिन्यात काढा. चिप लसीच्या आधीची आहे ना, ते आजच पुस्तकात बघा, नाहीतर लस पुन्हा द्यावी लागते आणि तीस दिवस नव्याने मोजायला लागतात. दोरी तिकडून आणू नका, सुती दोऱ्या इथल्या पावसात भिजून जड होतात. हातमोजे मात्र आणा.