भोक केवढं होतं, हे नंतर

पोरी,

तुझी वही दोनदा वाचली. २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळ बुडालेल्या 'एक्सप्लोरर' या पर्यटक जहाजाचा इतिहास लिहायला घेतलास आणि शेवटच्या प्रकरणात अडकलीस. कुठे वाचलंस की मुठीएवढं भोक पडलं होतं, कुठे वाचलंस साडेतीन मीटरची चीर. कोणी कप्तानाला दोष देतं, कोणी म्हणतं जहाजच म्हातारं झालं होतं. आणि मला विचारतेस, "काका, खरं कोणाचं मानू?"

कोणाचंच मानू नकोस. पाणी कुठून शिरलं, तिथून कुठे गेलं आणि किती वाजता गेलं, तेवढं शोध. आपण नाशिकची माणसं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हा आकडा पेपरात येतो, पण गावात विचारतात काय? मारुतीच्या कुठवर आलं? गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की पंचवटीतल्या दुकानदाराला माल कधी हलवायचा ते कळतं. तीच नजर जहाजाला लाव.

पहिली वीस पानं चांगली आहेत, त्यांना हात लावू नकोस. पर्यटन व्यावसायिक लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ साली अर्जेंटिनाच्या नौदलाचं जहाज भाड्याने घेऊन पर्यटक अंटार्क्टिकाला नेले, मग १९६९ मध्ये फिनलंडच्या गोदीत खास या कामासाठी जहाज बांधून घेतलं, हे नीट आलंय. लांबी जेमतेम ७३ मीटर, रंग लाल, १९८४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेचा वायव्य सागरी मार्ग पार करणारं पहिलं प्रवासी जहाज. ठीक. यापुढे नाव दोनदा बदललं, मालक बदलले, त्यावर चार पानं कशाला? दोन ओळी पुरेत.

माझा राग १९७२ आणि १९७९ बद्दल आहे. दोन्ही वेळा जहाज अंटार्क्टिकात खडकावर चढलं, प्रवाशांना चिलीच्या नौदलाने सोडवलं आणि जहाज पुन्हा कामाला लागलं. तू लिहिलंस, "नशीब बलवत्तर". हे वाक्य खोड. खडकावर बसलेल्या जहाजाच्या खाली जमीन असते, त्याला बुडायला जागा नसते. शिवाय या जहाजाला दुहेरी तळ होता. बाहेरचा पत्रा फाटला तरी पाणी दोन पत्र्यांमधल्या पोकळीत अडतं. पण दुहेरी तळ म्हणजे तळच. वर कुशीला, जिथे प्रवाशांच्या खोल्या असतात, तिथे एकेरी पत्रा असला तर तो फाटल्यावर पाणी थेट आत. २३ नोव्हेंबर २००७ ला अंटार्क्टिकाजवळच्या ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत बर्फाला धडकून जहाज बुडालं, तिथे खाली हजार मीटरहून जास्त खोली होती. नशीब तेच होतं म्हण हवं तर. पाण्याची वाट बदलली होती.

आता भोकाचा हिशेब. हा तू स्वतः कर, मी फक्त रीत सांगतो. भोक पाण्याच्या पातळीखाली २ मीटरवर धर. गुरुत्वाचं ९.८१ गुणिले खोली गुणिले २, त्याचं वर्गमूळ: पाणी सेकंदाला सव्वासहा मीटर वेगाने आत येतं. त्याला भोकाच्या क्षेत्रफळाने गुण आणि कडांवर धार आकसते म्हणून ०.६ ने गुण. दहा सेंटिमीटर व्यासाचं मुठीएवढं भोक तासाला साधारण १०५ घनमीटर पाणी आत घेतं. मिनिटाला पावणेदोन टन! 'मुठीएवढं' हा शब्द ऐकून वाचक निर्धास्त होतो, आणि तूही झालीस. जहाजाची नोंदणी लायबेरियाची, त्या देशाच्या चौकशी अहवालात २००९ मध्ये जी चीर आली ती किमान ३.६ मीटरची. तिची रुंदी तू फक्त एक सेंटिमीटर धर, तरी तासाला ४८५ घनमीटर होतात. आणि सगळ्यात मोठा फरक आकड्यात नाही. भोक एका कप्प्यात असतं. लांब चीर जलरोधक भिंत ओलांडून दोन कप्पे एकदम उघडू शकते.

पाणी पुढे कुठे गेलं, हे म्हणूनच विचार. कप्पे कागदावर बंद दिसतात, पण त्यांच्या भिंतींतून सांडपाण्याच्या नळ्या जातात, वायरी जातात. नळीला एकदिशा झडप असते. ती कचऱ्याने अर्धवट उघडी राहिली की भरलेल्या कप्प्यातलं पाणी शेजारच्या कप्प्यातल्या मोरीतून वर येतं. सराफ बाजारातही पाणी पुष्कळदा नदीकडून चालत येत नाही, नाल्या-गटारातून उलटं वर चढतं. मग जनित्रं पाण्यात गेली की वीज जाते, वीज गेली की पंप थांबतात. आत मोकळं हेलकावणारं पाणी जहाज कलेल त्या बाजूला धावतं आणि त्याला आणखी कलवतं. मोकळ्या पाण्याचा हा वाईट प्रभाव पाण्याच्या रुंदीच्या घनाने वाढतो. रुंद कप्प्यात घोटाभर पाणी अरुंद कप्प्यातल्या छातीभर पाण्याहून घातक ठरू शकतं.

कप्तानाबद्दल: अहवालाने त्याची चूक दाखवली आहे, ती लपवू नकोस. समोरचा बर्फ त्याने ओळखला नाही आणि वेग जास्त ठेवला. पण चूक कसली ते लिही. तो बाल्टिक समुद्रातल्या बर्फाला सरावलेला होता. बाल्टिकचा बर्फ एका हिवाळ्यात गोठलेला असतो, त्यात खाऱ्या पाण्याचे कप्पे असतात, तो दबतो, फुटतो. हिमनदीतून सुटलेला बर्फ गोड्या पाण्याचा, शतकानुशतकं दाबला गेलेला, दगडासारखा. दोन्ही पांढरेच दिसतात, रात्री तर नक्कीच.

एवढं खोदायला लावतो म्हणून तू कंटाळशील. पण दोषी शोधून वही मिटण्याची सवय मलाही होती आणि तिने माझी बरीच वर्षं खाल्ली. अहवालाचं शेवटचं पान आधी वाचायचं, नाव सापडलं की झालं. म्हणूनच आता हट्ट धरतो, आणि हा हट्ट बरोबर आहे. १५४ माणसं उघड्या होड्यांत काही तास थांबली, हवा शांत होती, 'नॉर्डनॉर्गे' हे दुसरं जहाज जवळ होतं, सगळी वाचली. पुढे १ जानेवारी २०१७ ला ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली, ध्रुवीय संहिता, लागू झाली, तिने अशा प्रवासी जहाजांवर पूर्ण किंवा अर्धवट झाकलेल्या होड्या आणि किमान ५ दिवस तग धरण्याची तयारी सक्तीची केली. हे कलम एका माणसाच्या चुकीवर लिहिलेलं नाही. थंड पाणी आणि लांबची मदत, यावर लिहिलेलं आहे.

आणखी एक. वेळा तपासताना घड्याळ पाहा. जहाजाची वेळ, जागतिक वेळ आणि आपली वेळ, तीन रकाने कर. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपल्याकडच्या बातमीत तारीख पुढे सरकलेली असू शकते. तुझ्या वहीत दोन ठिकाणी घटनाक्रम उलटा झालाय तो याचमुळे.

रविवारी येताना मोठा आलेख कागद आण. १:२०० प्रमाणात जहाज साडेछत्तीस सेंटिमीटरचं होईल. मुठीएवढं भोक म्हणजे अर्धा मिलिमीटर, पेन्सिलीचं टोक टेकवलंस की झालं. चीर अठरा मिलिमीटरची. कप्प्यांच्या भिंती आधी आख आणि मग ती अठरा मिलिमीटरची रेघ कुठे कुठे बसू शकते ते पट्टी सरकवून बघ.

काका