सिंगापूरमध्ये पारंपरिक फ्रेंच ब्रासरीत पहिल्यांदाच जेवायला जातोय, बीफ खात नाही. काय मागवावं? आणि तिथले वेटर शिष्ट असतात हे खरं का?

आधी शिष्टपणाचं बोलतो, कारण मी तिथे वेटर होतो. दादरच्या केटरिंग कॉलेजमधून निघालो आणि तंजोंग पगारच्या बाजूला एका ब्रासरीत कॉमी म्हणून लागलो, म्हणजे किचनमधून ट्रे आणायचे, टेबलं आवरायची, ऑर्डर घ्यायची नाही. पुढे शेफ द रां झालो, ठरावीक टेबलं पूर्ण माझ्या जबाबदारीवर. काळा वेस्टकोट, खाली लांब पांढरा एप्रन. कुठल्या सूपमध्ये कसला स्टॉक, कुठल्या सॉसमध्ये वाइन, आजचे ऑयस्टर कुठून आले, सगळं तोंडपाठ लागतं. बिल मागितल्याशिवाय आम्ही आणत नाही कारण न मागता बिल ठेवणं म्हणजे उठा म्हणणं, आणि लोक नेमकं यालाच शिष्टपणा म्हणतात. चुटकी वाजवू नका, नुसतं बघून हात किंचित वर केला तरी पुरतं.

माझे एक काका आहेत, गुहागरचे, त्यांनी एका लग्नात सगळ्यांसमोर म्हटलं होतं की हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे शेवटी लोकांची उष्टी ताटं उचलणं. पुढे ते टूरबरोबर सिंगापूरला आले आणि वडिलांनी सांगितलं म्हणून एका दुपारी काकूंना घेऊन आमच्याकडे जेवायला आले. मी त्यांना सोल मनिएर घ्यायला लावला. मासा बघून काका म्हणाले, हा तर आपला लेपा! जवळपास तसाच, दोन्ही डोळे एका बाजूला, फक्त हा मोठा आणि जाड. मैद्यात घोळवून बटरमध्ये तळतात, वरून खमंग तपकिरी झालेलं बटर, लिंबू, पार्सली. मी ट्रॉली टेबलाला लावली आणि त्यांच्यासमोर साफ करायला घेतला. कडेचे बारीक काटे चमच्याने बाहेर सारायचे, मधल्या रेषेवर चीर द्यायची, वरचे दोन तुकडे अलगद बाजूला, मग मधला काटा अख्खा उचलून काढायचा, न मोडता, आणि वरचे तुकडे परत जागेवर बसवायचे, हे सगळं मासा गार व्हायच्या आत, हात न लावता, नुसत्या चमच्या-काट्याने. काका मान पुढे करून बघत होते. जेवण झाल्यावर म्हणाले, "एक काटा लागला नाही रे." ज्या माणसाचं लहानपण माशांवर गेलंय त्याच्याकडून हे ऐकलं, मला फार बरं वाटलं.

आणि त्याच रात्री त्यांनी वडिलांना फोन करून सांगितलं, पोरगा मॅनेजर आहे! मी मॅनेजर नव्हतो. मी वेटर होतो आणि तो काटा वेटरने काढला होता. कौतुक करायचं तर त्या कामाचं करा ना, हुद्दा कशाला वाढवून सांगता? हे मी त्यांना नंतर तोंडावर बोललोय, त्यांना अजून पटलेलं नाही.

असो. तुम्ही बीफ खात नाही तर स्टेक फ्रीत, म्हणजे बीफचा स्टेक आणि फ्राइज, सोडा, डक कॉन्फी घ्या, बदकाच्याच चरबीत मंद शिजवलेली तंगडी, वरून कुरकुरीत. मूल (moules) म्हणजे शिंपल्याही मस्त, व्हाइट वाइन आणि शॅलट म्हणजे छोट्या कांद्यांमध्ये, उरलेला रस्सा ब्रेडने पुसून खायचा, कोणी काही म्हणत नाही. कांद्याचं सूप बहुतेकदा बीफ स्टॉकमध्ये असतं, विचारूनच मागवा. घरात कोणी शाकाहारी असेल तर या जेवणात त्यांचे हाल होतात, उगाच गोड बोलत नाही. शूकरूत मात्र एकदा तरी घ्या, आंबवलेला कोबी आणि त्यावर डुकराचं मांस नि सॉसेज, पॅरिसच्या जुन्या ब्रासरी बऱ्याचशा अल्सासच्या, म्हणजे फ्रान्सच्या जर्मनीलगतच्या भागातल्या, लोकांनीच काढल्या, बोफिंजे 1864 ची, लिप 1880 ची, म्हणून हा पदार्थ आणि बिअर तिथे मुळापासून आहे.

पैशांचं म्हणाल तर मेनूवर ++ असतं, 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर 9 टक्के जीएसटी, म्हणजे 100 डॉलरचं जेवण 119.90 ला पडतं. वाइन महागच, सिंगापूरमध्ये शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे 88 डॉलर ड्यूटी आहे, साध्या बाटलीवर आठेक डॉलर तिथेच जातात. सर्व्हिस चार्ज वेटरच्या खिशात जातोच असं नाही, तेव्हा मासा नीट साफ करून दिला तर हातात वेगळं काहीतरी द्या, सक्ती कोणी करत नाही पण द्या.

हां, सगळीकडे टेबलाशेजारी साफ करून देत नाहीत, छोट्या जागांत आतूनच करून येतो, बुकिंग करतानाच विचारा. आणि काही ठिकाणी फ्राइज बीफच्या चरबीत तळतात, तेही विचारा. समोर कॉमी असेल तर त्याला ठाऊक नसेल, त्याला आत जाऊन विचारून यायला दोन मिनिटं द्या.