पैसे भरून परतल्यावर सेशन रिकामे: मुदत वाढवण्यापूर्वी हे पाहा

तुम्ही लिहिले आहे की तीन टप्प्यांच्या अर्जातली माहिती तुम्ही पीएचपी या भाषेच्या सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवर प्रत्येक ग्राहकासाठी असलेल्या तात्पुरत्या नोंदीत, ठेवता, ग्राहक पैसे भरण्यासाठी पेमेंट गेटवेवर (कार्डाचे पैसे घेणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या साइटवर) जातो आणि परत येतो तेव्हा काही जणांचे सेशन रिकामे निघते. सेशनची मुदत २४ मिनिटांवरून एक दिवस करूनही फरक पडला नाही आणि तुमच्या स्वतःच्या चाचणीत हे एकदाही घडले नाही. यातले शेवटचे वाक्य वाचून मला बडोद्यातला २०२२ चा सप्टेंबर आठवला, कारण त्या महिन्यात हेच वाक्य मी दिवसातून दहा वेळा लोकांना ऐकवत होतो आणि कोणीही त्यावर विश्वास ठेवत नव्हते, ते योग्यच होते.

सेशन म्हणजे काय, ते कसे सुरू करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते सोडून देतो. एका गरबा आयोजकांसाठी मी पासांच्या नोंदणीची साइट २०१९ मध्ये केली होती आणि त्या नवरात्रात ती निर्विघ्न चालली. २०२० मध्ये करोनामुळे गरबा झालाच नाही, २०२१ मध्ये फक्त शेरी गरब्याला, म्हणजे गल्लीतल्या गरब्याला, परवानगी होती, त्यामुळे २०२२ मध्ये मोठे मैदान पुन्हा खुले झाले तेव्हा मी तोच जुना कोड झटकून वर चढवला. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पैसे खात्यातून गेलेले, पास नाही, आणि समोर पुन्हा लॉगिनचे पान.

मी ज्या होस्टिंग कंपनीकडे होतो तिच्या मदत-कक्षाने मला आठ दिवस फिरवले. आधी सांगितले की ग्राहकांना ब्राउझर साफ करायला सांगा. मग सांगितले की सेशनची मुदत वाढवा. शेवटी सांगितले की तुमच्या प्लॅनमध्ये सेशनच्या फाइलींना जागा पुरत नाही, वरचा प्लॅन घ्या. मी तो वर्षभराचे पैसे आगाऊ भरून घेतला. हे लिहिताना आजही राग येतो, कारण त्यांच्यापैकी एकानेही परतीच्या विनंतीबरोबर कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली सेशनच्या क्रमांकाची चिठ्ठी, आली होती का, हा एक प्रश्न विचारला नाही. अर्थात तो मीही स्वतःला विचारला नव्हता, आणि खरी घोडचूक तीच.

उलगडा झाला तो दांडिया बाजारात वहिनींच्या घरी. त्यांचाही पास अडकला होता, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून पुन्हा नोंदणी करायला सांगितले. त्यांनी चष्मा शोधला, घरातल्या चौघांची नावे सावकाश टंकली, कार्डाचा क्रमांक घातला. ओटीपी मात्र दादाच्या फोनवर जाणार होता आणि दादा मकरपुऱ्याला कामावर होता. त्यांनी फोन लावला, जेवलास का विचारले, मग ओटीपी विचारून घेतला. पाच मिनिटे सहज झाली असतील. पैसे गेले आणि लॉगिनचे पान आले. मग त्यांच्याच संगणकावर मी तेच सगळे भराभर केले, आणि पास निघाला. फरक फक्त वेळेचा होता, पण तो २४ मिनिटांच्या जवळपासही नव्हता.

सर्व्हरवर पाहिले तर वहिनींच्या सेशनची फाइल चौघांच्या नावांसकट जागच्या जागी होती. ती कोणी पुसलेली नव्हती. देवळाबाहेरच्या स्टँडवर चपला शाबूत असाव्यात आणि हातातला बिल्ला हरवावा, तसा हा प्रकार होता; मुदत वाढवणे म्हणजे स्टँडवाल्याला चपला आणखी दिवसभर ठेवायला सांगणे.

बिल्ला, म्हणजे कुकी, का हरवतो, ते असे. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून, ज्या कुकीवर सेमसाइट हा गुणधर्म (परक्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर ती जावी की नाही हे सांगणारा) लिहिलेला नाही ती ‘लॅक्स’ समजली जाऊ लागली. करोनामुळे हा बदल मध्ये थांबवला होता आणि जुलै २०२० पासून पुन्हा लागू झाला. लॅक्स कुकी दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्ट विनंतीबरोबर (माहिती पाठवणारी ती पोस्ट, नुसते पान मागणारी ती गेट) जात नाही, आणि पेमेंट गेटवे बहुधा पोस्टनेच ग्राहकाला परत पाठवतात. मात्र जुन्या साइट मोडू नयेत म्हणून क्रोमने एक सवलत ठेवली: अशी कुकी तयार होऊन दोन मिनिटे झाली नसतील तर ती पोस्टबरोबरही पाठवली जाते. माझी चाचणी लॉगिनपासून पासापर्यंत मिनिटभरात संपत असे, कारण फॉर्म मला पाठ होता आणि चाचणीच्या कार्डाला ओटीपीसाठी मकरपुऱ्याला फोन लावावा लागत नव्हता. त्यात फायरफॉक्स वापरणाऱ्यांना काहीच त्रास होत नव्हता, त्यामुळे तक्रारींचा मेळ लागत नव्हता.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. परतीच्या पानावर मी नेहमीप्रमाणे सेशन सुरू करत होतो. कुकी आली नाही म्हणून पीएचपी नवे रिकामे सेशन काढी आणि त्याची नवी कुकी जुनीच्या जागी बसवी. म्हणजे जुना बिल्ला फक्त दाखवायचा राहिला नव्हता, तो मीच फेकून देत होतो.

उपाय म्हणून कुकीवर ‘सेमसाइट नन’ आणि ‘सिक्युअर’ लिहा असे बरेच जण सांगतील. एचटीटीपीएस असेल तर ते चालते, आणि त्या रात्री मीही तेच करून झोपलो. पण त्यामुळे लॉगिनची कुकी कोणत्याही परक्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर जाऊ लागते, आणि एका परतीच्या पानासाठी सगळ्या घराचे दार उघडे ठेवणे मला पटत नाही. मी सुरक्षेतला तज्ज्ञ नाही, हे माझे मत समजा.

माझ्या मते पैशांशी संबंधित अर्धवट माहिती सेशनमध्ये असूच नये. गेटवेकडे पाठवण्याआधी ती डेटाबेसमध्ये ‘प्रलंबित’ अशा नोंदीत उतरवा आणि त्या नोंदीचा क्रमांक गेटवेला ऑर्डर क्रमांक म्हणून द्या. परतीच्या पानावर सेशन सुरूच करू नका. गेटवेने उत्तरासोबत पाठवलेली डिजिटल सही पडताळा, रक्कम जुळते का पाहा, क्रमांकावरून नोंद शोधून ती पक्की करा आणि ३०३ या वळवण्याच्या संकेताने ग्राहकाला साध्या गेट पानावर वळवा. त्या गेट विनंतीबरोबर लॅक्स कुकी पुन्हा येते आणि ग्राहक लॉगिन केलेलाच राहतो. गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला जी थेट सूचना पाठवतो तीही याच नोंदीवर चालवा. तिच्याबरोबर कोणाचीही कुकी येणे शक्यच नसते. एकच नोंद दोन वाटांनी पक्की होऊ शकते, तेव्हा दुसऱ्यांदा आलेली सूचना पास पुन्हा काढणार नाही एवढे बघा. मी ते बघितले नव्हते आणि काही कुटुंबांना दोन-दोन पास गेले.

याचा एक आनुषंगिक फायदा असा की दोन टॅबमध्ये दोन वेगळ्या रात्रींचे पास भरणाऱ्यांची माहिती एकमेकांत मिसळणे बंद झाले. सेशन दोन्ही टॅबना एकच असते, ऑर्डर क्रमांक मात्र प्रत्येकाचा स्वतःचा.

आता तुम्ही एवढेच करा: परतीच्या पानाच्या अगदी वरच्या ओळीत, सेशन सुरू होण्याआधी, आलेल्या कुकींची नावे लॉगमध्ये लिहा, आणि स्वतः चाचणी करताना ओटीपीच्या पानावर पाच मिनिटे हात बांधून बसा. पीएचपीसेसआयडी ही सेशनची कुकी लॉगमध्ये दिसली नाही तर वरचे सगळे तुम्हाला लागू आहे. ती दिसली आणि तरीही सेशन रिकामे असेल, तर माझे निदान चुकले. मग त्याच सर्व्हरवरची दुसरी एखादी साइट कमी मुदतीने तोच सेशनचा फोल्डर साफ करते आहे का, हे तपासा. आणि मुळात परतीचा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट दिला आहे की त्याशिवाय, हेही एकदा पाहून कळवा, कारण त्या दोन पत्त्यांची कुकी वेगळी असू शकते.